भिंत पुढे आली, सिल मागे राहिली

वाचकांचे पत्र

सप्रेम नमस्कार. आमचे घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात दगडमातीचे जुने घर पडल्यावर माझ्या आजेसासऱ्यांनी पुन्हा दगडाच्या भिंती उभ्या करायच्या नाहीत असे ठरवले आणि सागाचे खांब, ऐनाच्या तुळया व बाहेरून उभ्या फळ्यांच्या भिंती असे हलके घर बांधले. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही फळ्यांवर बाहेरून एक इंचाच्या लाकडी बट्ट्या (आधाराच्या पट्ट्या) मारून त्यांवर १० मिलिमीटर जाडीचे सिमेंटचे बोर्ड बसवले, म्हणजे झडीचा त्रास कमी होईल. पूर्वी खिडकीच्या खालची आडवी फळी, म्हणजे सिल, भिंतीच्या बाहेर दीड इंच येत असे. आता ती बोर्डाच्या जेमतेम बरोबरीत आहे. पंचावन्न वर्षांत कधी घरात पाणी आले नाही, ते नवे बोर्ड लावल्यावर पहिल्याच पावसात आले. पश्चिमेच्या दोन खिडक्यांखाली आतल्या फळ्या फुगल्या, रंग सुटला आणि कुबट वास येऊ लागला. ठेकेदाराने सिलच्या चारही बाजूंनी सिलिकॉन भरले, पण त्यानंतर ओल वाढलीच. आता सुतार म्हणतो सिलला पुढून पट्टी जोडू, ठेकेदार म्हणतो वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारू, आणि दीर म्हणतात लाकडी खिडक्याच काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवू. मामंजींचा जीव या खिडक्यांत आहे. आम्ही काय करावे? सोबत फोटो जोडले आहेत.

एक वाचक भगिनी, पाटण तालुका

उत्तर

ताई, नमस्कार. जे घर पंचावन्न वर्षे कोरडे राहिले ते एका पावसाळ्यात ओले झाले, याचा अर्थ दोष लाकडात नाही, खिडकीत नाही आणि बांधणाऱ्याच्या हातातही नव्हता. दोष नव्या कामात आहे, आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे, हे मामंजींना आधी सांगा. तुमचे पत्र पावसाळा संपल्यावर आले हेही चांगले झाले, कारण हे काम कोरड्या हवेचेच आहे आणि त्याला पुरेसा वेळ हाताशी आहे.

आधी मापे पाहू. एक इंच बट्टी म्हणजे २५ मिलिमीटर आणि बोर्ड १० मिलिमीटर, म्हणजे भिंत ३५ मिलिमीटर पुढे आली. सिल मुळात दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर बाहेर होती. वजाबाकी केली तर तिच्या हाती तीन मिलिमीटर उरले. सिलचे काम खिडकीखाली शोभेची फळी होऊन राहण्याचे नाही. तावदानांवरून आणि चौकटीवरून ओघळणारे सगळे पाणी गोळा करून ते भिंतीपासून दूर टाकणे, एवढ्यासाठी ती असते. तीन मिलिमीटरमध्ये ते होत नाही, कारण पाणी कडेवरून सरळ खाली पडत नसते. थेंब लाकडाला चिकटतो, कडेखाली वळतो आणि सिलच्या पोटाने मागे सरकत भिंतीपर्यंत जातो. पाण्याच्या भांड्याची धार सावकाश ओतली तर पाणी भांड्याच्या पोटावरून हातावर येते, तसेच हे आहे. वाऱ्याचा दाब असला तर ही मागे जाण्याची ओढ अधिक वाढते, आणि तुमच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच येतो. म्हणून बिघाड पश्चिमेच्या दोन खिडक्यांना आधी झाला. दक्षिणेच्या खिडक्याही त्याच वाटेवर आहेत असे समजा आणि त्यांनाही याच कामात घ्या.

भिंतीपाशी आलेले पाणी आता बोर्डाच्या वरच्या कडेवरून मागच्या पोकळीत शिरते. ही पोकळी असणे वाईट नाही. उलट बोर्ड थेट फळ्यांवर ठोकले असते तर याहून वाईट झाले असते, कारण पोकळीतून वारा खेळला तर मागच्या फळ्या सुकतात. परंतु तुमच्या फोटोंमध्ये बोर्डावरच्या स्क्रूच्या रांगा आडव्या दिसतात, त्यावरून मागच्या बट्ट्या आडव्या मारलेल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर आत शिरलेले पाणी खाली उतरू शकत नाही. ते प्रत्येक आडव्या बट्टीच्या माथ्यावर साचते आणि तिथून फळीत मुरते. आतल्या फळ्या जिथे फुगल्या आहेत ती उंची मोजून पाहा. ती बट्टीच्या उंचीशी जुळली तर हा अंदाज खरा धरायला हरकत नाही.

सिलिकॉन भरल्यावर ओल का वाढली, हेही यातूनच उलगडते. सिलच्या वरच्या आणि बाजूच्या फटींतून थोडे पाणी येतच राहिले, कारण लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते आणि त्या हालचालीत सिलिकॉनची कड कुठेतरी सुटते. पूर्वी आलेले पाणी सिलखालच्या फटीतून निदान बाहेर पडत होते. ती फट बुजवल्यावर त्याचा बाहेर पडण्याचा रस्ता बंद झाला. घराच्या बाहेरील बाजूला सांधे भरताना ज्या फटीतून पाणी आत येते ती भरावी आणि ज्या फटीतून बाहेर जाते ती उघडी ठेवावी, हे या व्यवसायात पहिल्या वर्षी शिकवले पाहिजे असे मला फार वाटते, कारण या एका चुकीने मी जितकी लाकडे कुजलेली पाहिली तितकी वाळवीनेही पाहिलेली नाहीत. तेव्हा पहिले काम म्हणजे सिलच्या खालच्या बाजूचे सिलिकॉन धारदार पात्याने काढून टाकणे. हे आजच करा. बाकीचे काम महिन्याने झाले तरी चालेल, पण तोवर आतली ओल बाहेर पडू लागली पाहिजे.

दुसरे काम निदानाचे. सिल आखूड आहे हे उघड दिसते म्हणून सगळे पाणी तिथूनच येते असे गृहीत धरू नका. बोर्ड बसवताना खिडकीच्या डोक्यावर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर, काही पत्रा घातला होता का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, आणि फोटोतही तो दिसत नाही. तो नसेल तर वरच्या भिंतीच्या पोकळीतून उतरणारे पाणी थेट चौकटीच्या माथ्यावर पडते, चौकटीच्या उभ्या बाजूंनी खाली येते आणि सिलच्या टोकापाशी प्रकट होते. पाहणाऱ्याला वाटते सिल गळते. हे तपासायचे असेल तर बागेचा पाइप घ्या आणि पाणी खालून वर मारत या: आधी सिलच्या खालच्या भिंतीवर दहा मिनिटे, मग सिलवर दहा मिनिटे, मग बाजूंच्या सांध्यांवर, आणि सर्वांत शेवटी डोक्यावर. आत एक माणूस विजेरी घेऊन उभा राहू द्या. ज्या टप्प्यावर आत ओल दिसेल, ती वाट सापडली. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच फटींवरून वाहते आणि काहीच कळत नाही. धार सौम्य ठेवा. पावसासारखे पाणी पडले पाहिजे.

डोक्यावरून पाणी येत असल्यास तिथे इंग्रजी झेड अक्षरासारखी वाकवलेली पत्र्याची पट्टी लागेल. तिची मागची उभी बाजू वरच्या बोर्डाच्या मागे, जुन्या फळीला टेकवून किमान दोन इंच वर गेली पाहिजे. मधली बाजू बाहेरच्या दिशेने थोड्या उताराने चौकटीवरून पुढे आली पाहिजे. आणि पुढची बाजू चौकटीपुढे खाली वळली पाहिजे. पट्टी खिडकीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे इंचभर लांब ठेवा. वरच्या बोर्डाची खालची कड आणि पत्रा यांच्यात ८ ते १० मिलिमीटरची फट मोकळी सोडा आणि ती कोणी कौतुकाने भरू लागला तर त्याला थांबवा.

आता लाकडाच्या तब्येतीकडे येऊ. बाजारात लाकडातील ओलावा मोजण्याचे हातात मावणारे यंत्र मिळते. कराडमधील फर्निचरचे काम करणाऱ्या एखाद्या कारखान्याकडून ते एक दिवस मागून आणा. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा बराच काळ राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात वाढता येते. तुमच्याकडच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते आणि अशा हवेत छपराखालचे, एक थेंब न पडलेले लाकूडदेखील हळूहळू त्या २० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यात लाकूड चार महिने कड्याच्या टोकावर उभे असते, आणि त्यात थोडीशी गळतीही त्याला खाली ढकलते. साताऱ्यात किंवा कराडात जी चूक दहा वर्षे खपून जाते ती तुमच्याकडे एका पावसात उघडी पडते, याचे कारण हेच.

यंत्राचा आकडा १५ च्या खाली आल्याशिवाय रंग, लांबी (खड्डे भरण्याची पुट्टी), पत्रा यांपैकी काहीही लाकडावर चढवू नये. त्यासाठी दोन खिडक्यांखालचे बोर्ड उतरवून ठेवावे लागतील आणि मागची जागा उन्हावाऱ्याला उघडी ठेवावी लागेल. ते गैरसोयीचे आहे हे मी जाणतो, पण ओल्या लाकडावर केलेले चांगले काम हे वाईट कामापेक्षा जास्त घातक असते, कारण ते ओल आत कोंडून ठेवते आणि बाहेरून सुंदर दिसते.

लाकूड सुकत असतानाच टोच्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने सिल, चौकटीची खालची दोन टोके आणि फुगलेल्या फळ्या टोचून पाहा. टोक जेमतेम खुपते आणि काढताना लांब, चिवट तंतू उचलले जातात तिथे लाकूड शाबूत आहे. टोक सहज आत जाते आणि तुकडे आडवे, चौकोनी तुटतात तिथे ते कुजलेले आहे. चौकटीचे उभे लाकूड जिथे सिलवर बसते त्या सांध्याकडे विशेष लक्ष द्या. लाकूड आपल्या पृष्ठभागातून जेवढे पाणी पिते त्याच्या कितीतरी पट अधिक ते कापलेल्या टोकातून पिते, आणि तिथे नेमके कापलेले टोक असते. १९६७ नंतरच्या बांधकामातला तुमचा साग बहुतेक गाभ्याचा असणार. गाभ्याचा साग बुरशीला आणि वाळवीला चांगला तोंड देतो. पण ज्या कडेला पांढरट, सालीजवळचे लाकूड आले असेल ती कड सागाची असूनही कोणत्याही हलक्या लाकडासारखी कुजते. म्हणून 'साग आहे, काही होत नाही' या बोलण्यावर विसंबू नका.

कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत काढून त्या जागी सागाच्याच गाभ्याचा तुकडा बसवावा. तुकड्याचा खालचा सांधा आडवा न ठेवता बाहेरच्या बाजूला उतरता कापायला सुतारास सांगा, म्हणजे सांध्यात पाणी शिरलेच तर ते बाहेर येईल. नखाएवढ्या खड्ड्यांना इपॉक्सीची लांबी चालते. त्याहून मोठी पोकळी लांबीने भरणे म्हणजे लाकूड वाचवल्याचा केवळ देखावा.

आता सुताराच्या पट्टीविषयी. त्याचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे, आणि ते मी स्वतःच्या घराच्या अनुभवावरून सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराला बाहेरून जाळी मारून प्लास्टर केले, तेव्हा सिल अशाच आत राहिल्या. मी त्यांना पुढून सागाची पट्टी खिळ्यांनी ठोकून घेतली आणि वरून रंग दिला. पहिल्या वर्षी काम देखणे दिसले. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यातली एक पट्टी हाताने ओढताच निघून आली, आणि तिच्यामागचे जुने, मूळचे निरोगी लाकूड बोटभर खोल काळे व मऊ झाले होते. पट्टी आणि सिल यांच्यातला सांधा पाण्याच्या वाटेतच, वर तोंड करून उघडा होता. रंगाची केसाएवढी भेग पडली, पाणी आत गेले आणि खिळ्यांच्या बाजूने पसरत राहिले. तुमच्याकडे साताऱ्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. त्या सिल बदलताना झालेले दुःख मला आजही आठवते, म्हणून या मुद्द्यावर मी थोडा लांबून बोलणार आहे.

पट्टी जोडायची तर अशी जोडावी. जुन्या सिलची पुढची, उन्हापावसाने भुरकट झालेली कड रंध्याने ताजे लाकूड लागेपर्यंत साफ आणि सरळ करावी. त्या कडेच्या मध्यावर राउटरने, म्हणजे खाच पाडणाऱ्या यंत्राने, १० मिलिमीटर खोल खाच घ्यावी, नव्या पट्टीला तेवढीच खाच घ्यावी आणि दोन्हींत मिळून बसेल अशी सागाची स्वतंत्र जीभ घालावी. जोडणीला दोन भाग मिसळून तयार होणारे इपॉक्सी वापरावे. सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद बाहेरच्या कामात टिकत नाही. लोखंडी खिळे अजिबात नकोत, कारण सागातल्या द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन काळे डाग पडतात आणि खिळाही गंजतो. पितळी किंवा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पुढच्या बाजूने, सिलच्या वरच्या पृष्ठभागाला छिद्र न पाडता घालावेत. पट्टीच्या रेषा जुन्या फळीच्या रेषांना समांतर असाव्यात, म्हणजे दोन्ही लाकडे एकाच दिशेने फुगतील आणि आकसतील.

किती पुढे काढायची? नव्या बोर्डाच्या चेहऱ्यापासून ३५ ते ४० मिलिमीटर. तुमचे तीन मिलिमीटर आहेतच, म्हणून ३५ मिलिमीटरची पट्टी पुरे. फार पुढे काढण्याचा मोह टाळा. जोडलेल्या पट्टीवर कुणी हात टेकला, कुंडी ठेवली तर सांध्यावर ताण येतो. रुंदीपेक्षा ढाळ महत्त्वाचा आहे. साधारण आठास एक इतका ढाळ धरा, म्हणजे चौकटीपासून पुढच्या कडेपर्यंत सिल १२५ मिलिमीटर असेल तर पुढची कड सुमारे १५ मिलिमीटर खाली असावी. जुन्या सिलवर पाणसळ ठेवून आधी पाहा. पंचावन्न वर्षांत घर थोडे बसलेले असते, आणि कधी कधी सिल चक्क घराच्या दिशेने कललेली आढळते. तसे असेल तर वरून निमुळती सागाची फळी बसवून ढाळ मिळवावा लागेल. फक्त तिच्या मागच्या जाडीमुळे झडपा अडणार नाहीत ना, हे झडपा उघडमीट करून आधी पाहावे.

आणि पोटाखालची खाच. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्यावाचून बाकी सगळे व्यर्थ आहे. पट्टीच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून सुमारे १२ मिलिमीटर आत, ८ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल अशी सरळ खाच काढावी. मागे सरकणारा थेंब या खाचेच्या कडेशी येतो, पुढे जायला त्याला पृष्ठभाग मिळत नाही आणि तो खाली पडतो. गवंडी छज्जाखाली जी पन्हळीसारखी रेघ सोडतात ती याचसाठी. खाच दोन-तीन मिलिमीटरची अरुंद केली तर थेंब तिच्यावरून पूल बांधून पलीकडे जातो. रंगाऱ्याने ती रंगाने आणि लांबीने भरली तरी तेच होते. म्हणून रंगारी येईल त्या दिवशी कुणीतरी घरात थांबा.

ठेकेदाराचा पत्रा मला नकोसा नाही. उलट तुमच्याकडचा पाऊस पाहता मी नीट जोडलेल्या, कोरड्या, रंगवलेल्या लाकडावर पत्र्याचे आवरण घालाच असे म्हणेन, कारण मग तो जोड पाण्याच्या थेट माऱ्याखाली राहत नाही. माझी हरकत 'वरून मारू' या शब्दांना आहे. पत्रा वरून मारायचा नसतो, तो वाकवून बसवायचा असतो. त्याची मागची कड चौकटीच्या खालच्या लाकडाला घेतलेल्या खाचेत शिरून १५ ते २० मिलिमीटर उभी वळलेली असावी. दोन्ही टोके तशीच वर वळवून बाजूच्या बोर्डामागे न्यावीत, म्हणजे सिल एका उथळ तबकासारखी होते, जिची फक्त पुढची बाजू उघडी आहे. टोके न वळवलेला पत्रा सगळे पाणी गोळा करून नेमके कोपऱ्यात ओततो, आणि जिथे कोपरा कुजतो तिथे बहुधा हेच कारण सापडते. पुढची कड लाकडाच्या खाली उतरवून शेवटचे १० मिलिमीटर बाहेरच्या दिशेला किंचित वळवावेत. वरच्या पृष्ठभागावर एकही स्क्रू नको; पत्रा पुढच्या उभ्या पट्टीतून, बाजूने पकडावा आणि त्या छिद्रांना थोडी सैल जागा ठेवावी, कारण उन्हात धातू लांबतो. पुढची खालची कड सिलिकॉनने बंद करू नये.

ॲल्युमिनियम घ्यायचे तर ते सिमेंटच्या बोर्डाला थेट टेकू देऊ नका. ओल्या सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियमला खातो. मध्ये डांबरी चिकटपट्टी किंवा रंगाचा जाड थर हवा. २४ गेजचा जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही चालतो, पण त्याच्या कापलेल्या कडा गंजतात, म्हणून त्या रंगवाव्यात. पत्र्याखाली तीच डांबरी पट्टी पूर्ण चिकटवली तर रात्री पावसाचा ताशासारखा आवाज होणार नाही. वडीलधारी माणसे त्या खोलीत झोपत असतील तर याचा विचार जरूर करा. हे वाकवण्याचे काम कराडमध्ये पत्रे वाकवण्याचे यंत्र असलेल्या दुकानातून मापाने करून आणा, घरी हातोडीने नको.

सिलखालचा बोर्ड परत बसवताना त्याची वरची कापलेली कड प्रायमरने दोनदा रंगवा, आणि ती सिलच्या पोटाला भिडवू नका. ६ ते ८ मिलिमीटर फट सोडून तिच्यात बारीक स्टेनलेस जाळी बसवा, म्हणजे हवा जाईल पण गांधीलमाशी घर करणार नाही. भिंतीच्या तळाशी, जोत्यावर जिथे बोर्ड संपतो तिथेही अशीच जाळी लावलेली मोकळी फट असली पाहिजे. ती सिमेंटने बुजवली असेल तर फोडा. आडव्या बट्ट्यांबाबत सांगायचे तर सगळी भिंत उतरवण्याची गरज नाही, पण पश्चिमेच्या खिडक्यांखालचा भाग उघडलाच आहे तर तिथे बट्ट्या उभ्या करून घ्या, आणि उरलेल्या ठिकाणी पुढेमागे बोर्ड काढण्याचा प्रसंग आला तेव्हा तसेच करा.

रंगाविषयी दोनच सावधगिऱ्या सांगतो. घर जुने असल्याने सिलवरच्या जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चाला; आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू आहे, त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पाण्याने ओला करून घासावा, धूळ जमिनीवर कागद अंथरून गोळा करावी आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवावे. दुसरी गोष्ट बेलतेलाची, म्हणजे जवसाच्या तेलाची. उघड्या लाकडाला बेलतेल पाजण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. लाकडी घरात ही चूक परवडणार नाही. बोळे पाण्यात बुडवून ठेवावेत किंवा मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवावेत. प्रायमर मात्र फळीच्या सहाही बाजूंना, पोटाला, खाचेत आणि विशेषतः टोकांना, बसवण्याआधीच लावून घ्या. बसवल्यावर दिसते तेवढीच बाजू रंगवली जाते आणि कुजण्याची सुरुवात न दिसणाऱ्या बाजूने होते.

दिरांच्या सूचनेमागची काळजी मी समजू शकतो, पण नवी यूपीव्हीसीची खिडकी याच भोकात, याच आखूड सिलवर, डोक्यावर पत्रा नसताना बसवली तर पाणी याच वाटेने येईल. फरक एवढाच की चौकट कुजणार नाही आणि तिच्यामागच्या फळ्या कुजत राहतील. शिवाय तुमच्या खिडक्यांसारखा घट्ट वाढीचा, गाभ्याचा साग आज वखारीत सहज मिळत नाही. मी असतो तर या खिडक्या काढल्या नसत्या.

खिडक्यांवर छज्जा काढण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. पश्चिमेच्या बाजूला छपराची वळचण किती बाहेर आहे ते पाहा. बट्ट्या आणि बोर्डांनी तीही दीड इंच खाल्ली आहे. ती दोन फुटांहून कमी असेल तर खिडकीवर दीड फुटाचा हलका पत्र्याचा झाप, लाकडी घोड्यांवर (तिरक्या आधारांवर), घराच्या मूळ खांबांना बोल्टने पकडून बसवावा. काँक्रीटचा किंवा फरशीचा छज्जा कोणी सुचवला तर ऐकू नका. आजेसासऱ्यांनी ज्या कारणासाठी हलके घर बांधले ते कारण त्या खोऱ्यात आजही आहे. आणि पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद भिंतीला लपेटून बांधण्याची सवय असेल तर तो भिंतीपासून वीतभर लांब, झडीच्या, म्हणजे पाऊस अडवणाऱ्या आडोशाच्या, चौकटीवर ताणा, म्हणजे मागे हवा राहील. पूर्वीच्या गवताच्या झड्या श्वास घेत होत्या, प्लास्टिक घेत नाही.

कामाचा क्रम लावायचा तर खालचे सिलिकॉन आत्ता काढा, जानेवारीत बोर्ड उतरवा, फेब्रुवारीअखेर लाकूड पुरेसे सुकले की जोडणी आणि प्रायमर करा, मार्चमध्ये पत्रा आणि रंग. एप्रिल-मेमधले वळीव हीच कामाची पहिली परीक्षा ठरेल. त्याआधी एक तांब्या पाणी घेऊन सिलच्या मागच्या कडेशी सावकाश ओता आणि खाली वाकून पाहा. पाणी पुढे आले, खाचेपाशी तुटले आणि भिंतीपासून इंच-दीड इंच दूर थेंबाथेंबाने पडले तर काम झाले आहे; सिलच्या पोटाने एखादी ओली रेघ बोर्डाकडे जाताना दिसली तर सुताराचे उरलेले पैसे देण्याआधी त्याला ती रेघ दाखवा.